वाचकांचे प्रश्न : वीज कमी पडली तर वाटायची कशी?

वीजटंचाई आणि कपात या विषयावर आलेल्या पत्रांतले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत, गाव तेवढं दिलं आहे.

डोंबिवली : २००१ साली ब्राझीलमध्ये मोठी वीजटंचाई होती, तरी तिथे घरोघरी लाइट घालवली नाही, लोकांनीच वापर कमी केला, असं माझे एक मित्र ठासून सांगतात. हे खरं का? आणि लोकांनी ऐकलं कसं?

मित्र बरोबर सांगतात. त्या वेळी ब्राझीलची नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज धरणांच्या पाण्यावर होत होती. एप्रिल २००१ च्या अखेरीस, म्हणजे तिथला पावसाळा संपता संपता, साओ पावलो-रिओच्या बाजूच्या जलाशयांत मिळून जेमतेम एक तृतीयांश साठा उरला होता आणि पुढे कोरडे महिने होते. दक्षिणेकडच्या राज्यांत पाणी भरपूर होतं, पण तिथली वीज वर आणायला पुरेशा वाहिन्याच नव्हत्या. म्हणून दक्षिणेला कपातीतून वगळलं. कपात केली असती तरी वाचलेली वीज तिथेच पडून राहिली असती.

आधी एक फरक लक्षात घ्या, कारण पुढची सगळी उत्तरं त्यावर उभी आहेत. टाकीत पाणीच कमी असणं वेगळं, आणि टाकी भरलेली पण नळ बारीक असणं वेगळं. पहिली टंचाई युनिटांची, म्हणजे एकूण विजेची; दुसरी मेगावॉटची, म्हणजे एका वेळी किती देता येते त्याची. ब्राझीलची टंचाई टाकीची होती. तिथे युनिट रात्री दोनला वाचो की संध्याकाळी सातला, तेवढं पाणी धरणात राहतंच. त्यामुळे ठरावीक तास लाइट घालवण्याचं कारणच नव्हतं. महिन्याचा एकूण वापर उतरला की काम झालं.

राष्ट्राध्यक्ष फेर्नांदो एन्रिके कार्दोसो यांनी पेद्रो पारेंते या मंत्र्यांच्या हाताखाली वेगळं संकट मंडळ नेमलं आणि जून २००१ पासून कोटा लागू झाला. मे, जून, जुलै २००० या तीन महिन्यांची तुमची सरासरी काढायची आणि तिच्या ८० टक्के ही तुमची मर्यादा. वर्षभराची सरासरी न घेता हेच महिने घेतले, कारण तिथे ते हिवाळ्याचे आणि टंचाईही त्याच ऋतूत सुरू होत होती. महिन्याला १०० युनिटांच्या आत असलेल्या घरांवर सक्ती नव्हती. उलट त्यांनी मर्यादेखाली जेवढी वीज वाचवली त्यातल्या प्रत्येक रिआलमागे (रिआल हे तिथलं चलन) २ रिआल बोनस होता. मर्यादा ओलांडणाऱ्या मोठ्या घरांना २०१ ते ५०० युनिटांच्या भागावर ५० टक्के अधिभार आणि ५०० च्या वरच्या भागावर २०० टक्के. शिवाय जोडणी तोडण्याची तरतूद : पहिल्या वेळी जास्तीत जास्त ३ दिवस, पुन्हा घडलं तर सहा दिवसांपर्यंत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे योजना टिकली. उद्योगांना त्यांच्या धंद्याप्रमाणे वेगळी टक्केवारी होती आणि एकाने न वापरलेला कोटा दुसऱ्याला विकता येत होता. ही मुभा आम्हाला सगळ्यात हुशारीची वाटते. एखाद्या भट्टीवाल्याला माल बनवण्यापेक्षा कोटा विकणं परवडत असेल तर तो भट्टी बंद ठेवतो आणि ती वीज ज्याची ऑर्डर अडली आहे त्याच्याकडे जाते. कुणाची वीज जास्त गरजेची, हे मंत्रालयातल्या बाबूंनी ठरवावं लागत नाही.

घराघरांत कापलं काय? ब्राझीलमध्ये अंघोळीला शॉवरच्या तोंडाशीच बसवलेला विजेचा हीटर असतो. पाच किलोवॉटचा धरला तर दहा मिनिटांच्या अंघोळीला ०.८३ युनिट. चार माणसांच्या घरात दिवसाला ३.३, महिन्याला १०० युनिट फक्त अंघोळीचे! त्या शॉवरवर ‘हिवाळा-उन्हाळा’ असा खटका असतो. खटका उन्हाळ्यावर टाकला की ३० टक्क्यांच्या आसपास बचत, आणि अंघोळ पाच मिनिटांत उरकली तर निम्मी. त्याच्या जोडीला वेगळा डीप फ्रीजर बंद करणं आणि गोळ्याच्या दिव्यांऐवजी सीएफएल लावणं. रस्त्यांवरचे दिवेही कमी केले. कपात फेब्रुवारी २००२ अखेर उठली आणि तोवर सक्तीचं भारनियमन करावं लागलं नाही.

दोन गोष्टी मात्र खटकणाऱ्या. जो आधीपासूनच काटकसरीने राहत होता, त्याची सरासरी मुळात कमी. त्यालाही २० टक्के कापायचे आणि उधळ्यालाही २० टक्केच. नवं बाळ आलेली घरं, नव्याने घेतलेल्या जोडण्या यांचे अर्ज वेगळे तपासावे लागले. दुसरी गोष्ट, लोकांनी इतकी बचत केली की वीज कंपन्यांचं उत्पन्न पडलं आणि ते भरून काढायला नंतर दर वाढवले : घरांना २.९ टक्के, बाकीच्यांना ७.९ टक्के. वाचवलं लोकांनी आणि बिलही लोकांनाच. पण बारा तासांच्या अंधाराशी तुलना केली तर हा सौदा स्वस्तच पडला.

लातूर : मी वीस वर्षं एकही बिल थकवलेलं नाही. तरी टंचाई आली की आमच्याच भागाची लाइट आधी जाते. पलीकडच्या रस्त्यावर दवाखाना आहे म्हणून तिथे जात नाही. हा कुठला न्याय?

न्याय नाही, ती यंत्रणेची अडचण आहे, आणि ती समजून घेतली तर तक्रार नेमकी करता येते.

सबस्टेशनमधला ब्रेकर फीडर, म्हणजे तिथून निघणारी वाहिनी, ओळखतो, घर ओळखत नाही. एका फीडरवर हजारभर घरं असू शकतात. ब्रेकर पाडला की सगळी गेली. पलीकडचा रस्ता दवाखान्याच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या फीडरवर असेल, म्हणून तो वाचतो. त्याच्या पुण्याईने नव्हे.

तुमचा फीडर आधी का? महावितरणने भारनियमनासाठी फीडरचे ए पासून जी-३ पर्यंत गट केले, ते वितरण आणि वसुलीतल्या एकत्रित हानीवरून. हिशेब असा : फीडरवर १०० युनिट सोडले, त्यातल्या ८० चं बिल झालं. उरलेले २० तारांत, आकडे टाकून केलेल्या चोरीत आणि बिघडलेल्या मीटरांत गेले. ८० च्या बिलापैकी ९० टक्के वसूल झालं, म्हणजे पैसे आले ७२ युनिटांचे. हानी २८ टक्के. १८ टक्क्यांपर्यंत ए, मग प्रत्येक आठ टक्क्यांना एक गट : २६ पर्यंत बी, ३४ पर्यंत सी, ४२ पर्यंत डी. उदाहरणातला फीडर २८ चा, म्हणजे सी. २०१२ च्या अखेरीस राज्य भारनियमनमुक्त म्हटलं गेलं ते ए ते डी गटांपुरतं. एप्रिल २०२२ मध्ये कोळसा आणि विजेची टंचाई आली तेव्हाही कुऱ्हाड आधी जी गटावर पडली.

यामागचा हेतू वसुलीचा होता, आणि तो काही अंशी साधलाही. पण शिक्षा गल्लीला होते, चोराला नाही. चोराकडे मीटरच नसतो, त्यामुळे मर्यादाही नसते आणि बिलाची भीतीही नसते. अंधारात बसतो तो पैसे भरणारा. ब्राझीलची पद्धत इथे जशीच्या तशी का चालली नसती, याचंही उत्तर यातच आहे. कोटा ठरवायला आधी मागच्या वर्षीचं खरं रीडिंग लागतं. ज्या घराला ‘मीटर फॉल्टी’ किंवा ‘दार बंद’ म्हणून वर्षभर सरासरी बिल येतं, त्याची ८० टक्के मर्यादा कशाच्या ८० टक्के धरायची? शेतीपंपांपैकी कितीतरी तर मीटरशिवाय हॉर्सपॉवरवर बिल भरतात.

तुम्ही दोन गोष्टी करा. बिलावर वीजपुरवठ्याच्या तपशिलात फीडरचं आणि डीपीचं (तुमच्या भागातल्या ट्रान्सफॉर्मरचं) नाव किंवा क्रमांक शोधा. मग उपविभागाच्या कार्यालयात त्या फीडरची आणि तुमच्या डीपीची हानी वेगवेगळी मागा, गरज पडली तर माहितीच्या अधिकारात. एकाच फीडरवर एका डीपीची हानी १२ टक्के आणि दुसरीची ६० असं आढळतं. असं असेल तर जास्त हानीच्या डीपी वेगळ्या फीडरवर टाका, अशी लेखी मागणी रहिवाशांनी मिळून करता येते. नुसतं ‘आमच्यावर अन्याय होतो’ असं लिहिलेलं पत्र फायलीत जातं.

पुणे : २००६ मध्ये पुण्यात भारनियमन बंद झालं होतं ते नक्की कशामुळे? आम्हाला जादा वीज कुठून मिळाली?

जादा वीज कुठूनच आली नाही. ज्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते त्यांनी गर्दीच्या तासांत ते चालवले आणि महावितरणकडून तेवढी वीज कमी घेतली. ती शहराला मिळाली. एक लिटर डिझेलवर साधारण साडेतीन युनिट पडतात, म्हणजे ही वीज महाग. तो फरक वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने ग्राहकांकडून दर युनिटमागे थोडा जादा आकार घेऊन भागवला. महिन्याला ३०० युनिटांपर्यंतच्या घरांना त्यातून वगळलं होतं. पैसे मोजू शकणाऱ्या शहराची सोय झाली, हे खरं. खेड्यांना त्यातून काही मिळालं नाही, हेही खरं.

नागपूर : वेळापत्रकात नाव नसताना एका दुपारी आमच्या भागाची लाइट पाऊण तास गेली. बिघाड नव्हता, असं ऑफिसातून सांगितलं. मग काय होतं?

बहुधा फ्रिक्वेन्सीचा रिले पडला असावा. आपली ग्रीड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, ५० हर्ट्झवर (सेकंदाला ५० लहरी) चालते आणि ही फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायची असते. ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली, तेव्हापासून सगळा देश एकाच ठेक्यावर चालतो. कुठे एखादं मोठं केंद्र अचानक बंद पडलं तर काही सेकंदांत फ्रिक्वेन्सी घसरते. फोन करून कपात सांगायला वेळच नसतो, म्हणून ठरावीक फीडरवर रिले बसवलेले असतात : ४९.४, ४९.२, ४९.० आणि ४८.८ हर्ट्झ अशा पायऱ्यांवर ते आपोआप भार तोडतात. ठेका सावरला की भार प्रेषण केंद्राच्या परवानगीने फीडर एकेक करून जोडतात. जुलै २०१२ च्या ३० आणि ३१ तारखेला उत्तर भारत अंधारात गेला, त्याच्या चौकशीत रिलेंनी अपेक्षेइतका भार कापलाच नाही हेही पुढे आलं होतं. तुमची पाऊण तासाची लाइट गेली म्हणजे रिले जिवंत आहे.

तासगाव : शेतीला आठ तास लाइट, तीही काही दिवस रात्रीची. लाइट आली की डीपीचा फ्यूज उडतो, यंदा डीपीच जळाली. वायरमन म्हणतो ऑटो (लाइट आली की पंप आपोआप सुरू करणारा खटका) काढा. ऑटो काढला तर रात्री दोनला उठून मळ्यात कोण जाणार, साहेब?

वायरमन बरोबर बोलतो आणि तुमची अडचणही खरी आहे. मधला मार्ग आहे, पण तो डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून केला तरच चालतो.

मीटर नाही तिथे तास हाच कोटा. पाच हॉर्सपॉवरचा पंप ताशी पाच युनिटांच्या आसपास ओढतो. आठ तास दिले म्हणजे ४० युनिटांच्या वर जाताच येत नाही. गावठाणाचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा काढला तो याचसाठी, म्हणजे पंप बंद ठेवले तरी घरातला दिवा चालू राहतो. गुजरातने ज्योतिग्राम योजनेत हेच गावोगाव केलं. आपल्याकडे अक्षय प्रकाश योजनेत गावांनी संध्याकाळी पंप न चालवण्याचं कबूल करून घरची लाइट टिकवली होती.

आता डीपी का जळते ते पाहा. १०० केव्हीएची डीपी सुमारे १३३ अँपिअर देऊ शकते. पाच एचपीचा पंप चालू असताना साडेसात अँपिअर घेतो. असे पंधरा पंप मिळून ११२, म्हणजे डीपीच्या आवाक्यात. पण मोटर सुरू होताना सहापट करंट ओढते, ४५ अँपिअर. सगळ्यांचे ऑटो एकाच सेकंदाला ओढले गेले की १५ गुणिले ४५, म्हणजे ६७५ अँपिअर, डीपीच्या पाचपट. इतक्या करंटने व्होल्टेज कोसळतं, व्होल्टेज पडलं की मोटरी वेग धरत नाहीत, आणि वेग धरत नाहीत तोवर तो पाचपट करंट उतरत नाही. दोन-चार सेकंदांचं काम अर्ध्या मिनिटावर जातं. फ्यूज बरोबर असेल तर उडतो. फ्यूजच्या जागी जाड तार घातली असेल तर वाइंडिंग जळतं, आणि हे बहुतेक ठिकाणी असंच घडतं.

ऑटोसोबत ऑन-डिले टायमर लावा. स्टार्टर दुरुस्त करणारा कुणीही जोडून देईल. डीपीवरच्या पंपांची यादी करून तिघातिघांचे पाच गट पाडा आणि टायमर १, ३, ५, ७ आणि ९ मिनिटांवर ठेवा. पहिल्या मिनिटाला १३५ अँपिअर लागतील. नवव्या मिनिटाला, बारा पंप चालू असताना, शेवटच्या तिघांमुळे २२५ पर्यंत जाईल, पण काही सेकंदच. तेवढं डीपी सोसते. एकट्यादुकट्याने टायमर लावून उपयोग नाही, बाकी बारा जण एकदम सुरू झाले तर तुमचा पंप शहाणा असून काय?

कपॅसिटरही बसवा : तीन एचपीला १ केव्हीएआर, पाचला २, साडेसातला ३. तो स्टार्टरच्या पुढे, मोटरला समांतर जोडायचा, म्हणजे मोटर बंद झाली की तोही सुटतो. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा वाटा) ०.८ वरून ०.९५ झाला तर साडेसातचे सहा-सव्वासहा अँपिअर होतात आणि त्याच डीपीवर दोन-तीन पंपांची जागा निघते. दोन फेजवर कंडेन्सर लावून पंप ओढण्याचा उद्योग मात्र बंद करा. गावठाणासाठी सोडलेल्या सिंगल फेजवर मोटर चालते खरी, पण असमान करंटने ती तापते, आणि त्या करंटचा बोजा घरांच्या फेजवर पडून त्यांचे पंखे मंदावतात. एखादी फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर काढून ठेवणारा माणूस मोटर रिवाइंड करणाऱ्याचं पोट भरतो.

चाकण : माझा यंत्रभागांचा छोटा कारखाना आहे. जपानने २०११ मध्ये मोठ्या कारखान्यांना १५ टक्के कपात सक्तीची केली होती. उत्पादन न थांबवता हे जमतं का?

बऱ्याच अंशी जमतं, कारण ती टंचाई नळाची होती. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर टोकियोच्या वीज कंपनीने १४ ते २८ मार्च पाच गट पाडून तीन-तीन तासांची पाळी लावली. रेल्वेची वेळापत्रकं कोलमडली, सिग्नल बंद पडले, आणि मध्य टोकियोला बहुतांश सूट म्हणून बाहेरची उपनगरं रागावली. पश्चिम जपानमध्ये वीज होती, पण तो भाग ६० हर्ट्झचा आणि टोकियो ५० चा. मधले फ्रिक्वेन्सी बदलणारे दुवे अगदी तुटपुंजे. मग उन्हाळ्यासाठी पद्धत बदलली : ५०० किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या जोडण्यांनी १ जुलैपासून, सुट्ट्या सोडून रोज सकाळी ९ ते रात्री ८, आदल्या उन्हाळ्याच्या कमाल मागणीपेक्षा १५ टक्के खाली राहायचं. मोडलं तर १० लाख येनपर्यंत दंड. रात्री कितीही वापरा, कुणी विचारणार नाही. रुग्णालयांसारख्यांना सवलत होती, आणि एका मालकाच्या किंवा एकत्र आलेल्या अनेक जागांचा हिशेब मिळून धरायची मुभा होती. मोटार कंपन्यांनी गुरुवार-शुक्रवार सुट्टी घेऊन शनिवार-रविवार काम केलं. पुण्याच्या औद्योगिक भागात गुरुवारची सुट्टी आहे, तिचं मूळही सुट्ट्या वाटून भार पसरवण्यातच आहे.

तुमच्याकडे सुरुवात मीटरपासून करा. एचटी (उच्च दाबाच्या जोडणीचा) मीटर दर पंधरा मिनिटांची मागणी नोंदवतो. महिन्याचा तो डेटा मागून घ्या आणि सगळ्यात उंच वीस नोंदी वेगळ्या काढा. त्या बहुधा सकाळी नऊ ते अकरामध्ये सापडतात, कारण सगळं एकदम सुरू होतं. समजा कमाल मागणी ५४० किलोवॉट. १५ टक्के म्हणजे ८१, उतरायचं ४५९ वर. उष्णता प्रक्रियेची ६० किलोवॉटची भट्टी नऊला तापवायला घेता ती पहाटे पाचला घ्या. नऊनंतर तिला फक्त तापमान धरायला वीज लागते, त्यामुळे साठपैकी बराच भाग सुटतो. चार फोर्कलिफ्टचे चार्जर पाच-पाच किलोवॉटचे, ते रात्री : २० गेले. ५५ किलोवॉटच्या कॉम्प्रेसरचा दाब साडेसात बारवरून साडेसहावर आणला की चारेक किलोवॉट, आणि सुट्टीच्या दिवशी मशीन बंद असताना सुस्कारे ऐकून हवेची गळती बुजवली तर त्याहून जास्त. भट्टीने चाळीस-पंचेचाळीस दिले आणि वर हे धरले तर सत्तरपर्यंत पोचता. उरलेल्या दहा-बारासाठी दोन मोठी मशीन एकाच वेळी सुरू न करण्याचा नियम पुरतो. अडतं कुठे? दाब फार उतरवला तर लांबच्या टोकाचं न्यूमॅटिक चक नीट पकडत नाही. तिथे छोटी हवेची टाकी लावा, सगळ्या लाइनचा दाब वाढवू नका.

नवी मुंबई : मुलगी जोहान्सबर्गला असते. तिथे ‘स्टेज फोर’, ‘स्टेज सिक्स’ असं बोलतात. म्हणजे काय?

एक स्टेज म्हणजे १,००० मेगावॉटची कपात. स्टेज सहा म्हणजे ६,०००. एस्कॉम ही सरकारी कंपनी देशाला स्टेज जाहीर करते, आणि प्रत्येक भागाचं प्रत्येक स्टेजचं वेळापत्रक आधीच छापलेलं असतं. दोन-दोन तासांच्या पाळीने स्टेज दोनला चार दिवसांत सहा वेळा, चारला बारा वेळा, सहाला अठरा वेळा, म्हणजे दिवसाला सरासरी नऊ तास. लोक फोनवरच्या अॅपवर स्टेज पाहतात आणि स्वयंपाक कधी करायचा ते ठरवतात. या पद्धतीत कपात वाईट असली तरी अंदाजाबाहेरची नसते, हा तिचा मोठा गुण.

टंचाई आली ती कोळशाची जुनी केंद्रं वारंवार बंद पडल्यामुळे. २०२३ मध्ये उपलब्ध क्षमता निम्म्याहून थोडीशीच वर होती. मार्च २०२४ च्या अखेरीपासून दहा महिने कपात थांबली, मग अधूनमधून डोकावली. मुलीला एवढं सांगा : लाइट जायच्या आधी गीझरचा ब्रेकर पाडून ठेवायचा आणि परत आल्यावर वीस मिनिटांनी चढवायचा. सगळ्या वस्तीचे गीझर आणि फ्रीज एकदम ओढू लागले की सबस्टेशन पुन्हा पडतं, आणि हा झटका वेळापत्रकात लिहिलेला नसतो. वरच्या स्टेजना मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही दोन पाळ्यांमध्ये पूर्ण भरत नाहीत, तेव्हा रेंज गेली म्हणून घाबरू नका.

सोलापूर : लाइट घालवल्याने खरंच वीज वाचते का? आमच्या सोसायटीत घरटी इन्व्हर्टर आहे. आणि उद्या ब्राझीलसारखा २० टक्क्यांचा कोटा आला तर घरात तो पाळायचा कसा?

दोन पंखे ७५ वॉटचे आणि चार एलईडी नऊ वॉटचे, मिळून १८६ वॉट. दोन तासांचे ०.३७ युनिट. साधा इन्व्हर्टर आणि शिशाची बॅटरी घेतलेल्या विजेपैकी ६०-७० टक्केच परत देतात, म्हणजे भरून काढायला ०.५५ ते ०.६ युनिट लागले. पंखे-दिव्यांपुरतं बोलायचं तर वीज वाचली नाहीच, दीडपट गेली. शिवाय १५० अँपिअर-अवरची बॅटरी भरताना दोनशे-सव्वादोनशे वॉट ओढते. एक लाख घरांत एकदम सुरू झाली तर लाइट आल्या आल्या वीस मेगावॉटचा नवा भार. टंचाई मेगावॉटची असेल तर हे सरकवणं उपयोगी पडतं. टंचाई कोळशाची किंवा पाण्याची असेल तर इन्व्हर्टर उलट खड्डा खोल करतो. खरी बचत होते ती एसी बंद राहिल्याने आणि पिठाची गिरणी थांबल्याने. त्यातली दुसरी बचत कुणालाही परवडणारी नाही.

कोट्याचं म्हणाल तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचं बिल काढा. ३०० युनिट असेल तर मर्यादा २४०, दिवसाला आठ. मीटरवरचा केडब्ल्यूएचचा, म्हणजे युनिटांचा, आकडा रोज सकाळी एकाच वेळी कॅलेंडरवर लिहायचा आणि कालचा वजा करायचा. स्मार्ट मीटर स्क्रीन बदलत राहतो, त्यातला केडब्ल्यूएचचाच घ्या. केव्हीएएचचा घेतला तर हिशेब चुकतो. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते सव्वा युनिट घेतो, दोन किलोवॉटचा गीझर वीस मिनिटांत ०.६७. आठपैकी सहा युनिट रात्री एसीत गेले असतील तर दिवे मालवत फिरून काही हाती लागणार नाही. एसी २७ वर ठेवून सोबत पंखा लावा आणि टायमर पहाटे चारचा करा. दहाव्या दिवशी बेरीज ऐंशीच्या वर असेल तर जास्तीचे युनिट उरलेल्या वीस दिवसांत वाटून टाका. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलले तर ते भरून निघत नाहीत.